आधी ओळख तू दाखवायची

३ ऑक्टोबर २०१८

प.ने आज स्वतःची वेणी स्वतः घातली. (पेशंटचं पूर्ण नाव या वहीतही लिहायचं नाही, हा माझा नेम. घरमालकिणीला दुसऱ्याचं वाचायची हौस फार.) मागच्या आठवड्यात हीच पोरगी भिंतीकडे तोंड करून न दिसणाऱ्या माणसाशी भांडत होती. चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली. दुसऱ्यांदा भरती. पहिल्यांदा बरी होऊन गेली, घरच्यांनी गोळ्या बंद केल्या, पुन्हा इथे. नेहमीचंच.

आई सोबत आहे. आमच्या मनोरुग्ण वॉर्डात पेशंटजवळ घरचं माणूस राहावंच लागतं, ही पलंगाखाली चटई टाकून राहते. इतर पेशंटनाही पाणी आणून देते. चांगली बाई.

दुपारी बायकांचा समुपदेशनाचा गट घेतला. घरी गेल्यावर लोक काय विचारतील आणि आपण काय सांगायचं, याची तालीम. प. मध्येच म्हणाली, "मॅडम, भंडाऱ्याच्या बाजारात मी दिसली, त ओळखान का मले?"

सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. आधी ओळख तू दाखवायची. तू हसलीस तर मी हसेन. तू पाहिलं नाहीस तर मीही पाहणार नाही, पितळेच्या दुकानातल्या घागरी मोजत उभी राहीन. सोबतच्या बाईने "ह्या कोण?" विचारलं तर तुझी पंचाईत नको.

"मंग लई घागरी मोजाव्या लागत असन तुमाले," प. म्हणाली. सगळ्या हसल्या. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.


७ ऑक्टोबर

डॉक्टर सरांचं मत, प.ला अजून थोडं ठेवू. माझं मत, धानकापणीच्या आत घरी जाऊ दे, कामाला लागली की सावरेल. मी हट्टाला पेटले की सर चष्मा पुसतात. आज दोनदा पुसला. "ठीक. तुमच्या शब्दावर सोडतो."

मायलेकींना घेऊन बसले. गोळ्यांचं सांगून झालं. मग आईने तो प्रश्न विचारला. प्रत्येक आई विचारतेच, काहीजणी अगदी दाराशी गेल्यावर.

"लगन होईन ना जी हिचं?"

"होईल की. पण मुलाला आधी सांगायचं. गोळी चालू आहे, कशासाठी आहे, बंद करायची नाही. एवढं तरी."

"सांगून कोन करते जी?"

"लपवून केलेलं लग्न फिरून याच पलंगावर येतं, मावशी. मी पाहिली आहेत."

प.ने माझा हात धरला. "मी सोता सांगीन मॅडम. आईले नोका विचारू, मले विचारा."

बरं वाटलं. आईच्या डब्यात सुकटीची चटणी होती. तिघींनी मिळून खाल्ली.


१२ ऑक्टोबर

प. गेली. आईने जाताना शिंगाड्यांची पिशवी दिली. पेशंटकडून काही घेत नाही मी, पण तलावातल्या शिंगाड्यांना कोण नाही म्हणणार. मी आणि मेश्राम सिस्टरने ड्रेसिंगच्या कात्रीने सोलून खाल्ले. सिस्टरला प.चा फार लळा. सगळ्यांनाच 'बाळा' म्हणते, पण हिला जास्त.

सकाळी आमच्या म्हाताऱ्या पेशंटने, बसवाल्या बाबांनी, नेहमीप्रमाणे विचारलं, "लाखांदूर गेली का?" नेहमीप्रमाणे सांगितलं, "आत्ताच गेली बाबा, पुढच्या गाडीनं जाऊ." मग ते निवांत जेवतात. त्यांची बायको म्हणते, घरीसुद्धा हेच.


१८ ऑक्टोबर, दसरा

दादा-वहिनी-निखिलसोबत दीक्षाभूमीला जाऊन आले. गर्दीत वहिनीने माझा पदर धरून ठेवला, मी हरवेन म्हणून. मी एक्केचाळीस वर्षांची बाई.

परतताना निखिलच्या लग्नाचा विषय. अकरावीपासून आयटीआय होईपर्यंत हा पोरगा माझ्याकडे राहिला. दादाचा मुलगा, पण अर्धा माझाच. त्या वयात बिनसाखरेचा चहा पिणारा दुसरा पोरगा मी पाहिला नाही. आता दादासारखाच जवाहरनगरला फॅक्टरीत लागला, म्हणून वहिनीला घाई.

वहिनी म्हणाली, "पोरगी पाहाले तुलेच नेऊ. तू दिवसभर मानसंच वाचतं. खोट असन त तुले पयले दिसन."

निखिल म्हणाला, "आत्यानं हो म्हटलं की मी डोळे मिटून हो."

मी म्हटलं, डोळे उघडे ठेव, संसार तुला करायचा आहे. पण आतून सुखावले. खोटं कशाला लिहू.


२९ ऑक्टोबर

प.ला फोन. गोळ्या चालू. सकाळी बायांसोबत धान कापाले जाऊन राहिली म्हणे. आवाज मोकळा. सरांना सांगितलं, बघा. सर फक्त हुं म्हणाले.


१४ नोव्हेंबर

हात लिहायला तयार नाही, पण लिहिते. नाहीतर उद्या वाटेल की असं झालंच नाही.

वहिनीच्या बहिणीच्या गावची मंडई होती. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं, रात्री दंडारीचे खेळ, पाहुणेरावळे. आणि खरं काम पोरगा-पोरगी दाखवण्याचं. कोणी 'पाहायला आलो' म्हणत नाही. मंडईला आलो होतो, चहा प्यायला थांबलो, असं असतं. तसेच आम्ही वहिनीच्या बहिणीच्या शेजारच्या घरी चहा प्यायला थांबलो. तिथे मुलीचा मामा राहतो.

चिवड्याच्या बश्या घेऊन मुलगी आली. प. होती.

माझ्या हातात बशी देताना तिने पाहिलं. अगदी क्षणभर. मग नजर खाली, आणि पुढे निखिलकडे. मी वाट पाहत राहिले, हसेल, काही बोलेल. नाही. मागे आई उभी. पलंगाखाली झोपणारी, सुकटीची चटणी माझ्या पोळीवर वाढणारी. मला म्हणाली, "ताई कोनत्या गावच्या?"

"भंडाऱ्याच्या."

"असं असं."

आणि मी काय केलं? भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. घागरी मोजल्या. नियम माझाच.

वहिनी कोपराने ढोसत होती, काही विचार ना. मी विचारलं, शिक्षण किती. उत्तर मला पाठ होतं. "बी.ए.," ती म्हणाली, परक्या बाईला सांगावं तसं. निखिल तिच्याकडे असा पाहत होता की मला पुढचं दिसलंच.

परतताना गाडीत सगळे माझ्या तोंडाकडे. वहिनी म्हणाली, "बोल ना वं, कशी वाटली?"

"मुलगी समजूतदार आहे. पण घाई करू नका."

"काहून?"

काय सांगणार होते. म्हटलं, "असंच." निखिल म्हणाला, आत्याचं असंच असते, भाजी घेतानाही तीन दुकानं फिरते.


१५ नोव्हेंबर

वहिनीने होकार कळवलासुद्धा, साक्षगंधाची, अंगठ्या घालायची बोलणी चालू. प. फोन उचलत नाही.

सरांना नाव न घेता विचारलं. पेशंट आपल्याच नात्यात लग्न करत असेल तर? सरांनी चष्मा पुसला. "तुम्ही बोलायचं नाही. तिला बोलायला लावायचं. तुम्ही एकदा बोललात तर उद्या या वॉर्डात तोंड कोण उघडेल?"

मला माहीत नव्हतं का. बाकीच्यांना हे मीच शिकवते. पण निखिल आहे तो. माझ्या घरी गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी ताप आलेला निखिल.

आपलेच दात, आपलेच ओठ.


१७ नोव्हेंबर

गृहभेट म्हणून प.च्या गावी गेले. तशी तिची तपासणीही राहिलीच होती. एस.टी.ने आणि पुढे पायी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं. हे नवं, सरळ रेषेत आखलेलं. घरांवर प्लॉटचे नंबर, पण पत्ता विचारला तर माणसं अजून जुन्या आळीचं नाव सांगतात, जी पाण्याखाली आहे. बरीच हिंडले.

आईने मला अंगणात पाहिलं आणि आधी फाटक लावून घेतलं. "तुमी कायले आल्या जी इथं? लोकं पाहून राहिले."

"मंडईत मी कोणत्या गावची ते विचारलंत, म्हटलं तुमचं गाव पाहून यावं."

बाई खाली बसली. रडली. म्हणे, तुमचा भाचा आहे हे आमाले काय मालूम. मामानं जमवलं. अन् आता मालूम झालं त बरंच झालं, पोरगी तुमच्या घरात राहीन, तुमची नजर राहीन. इथवर विचार करून झाला होता.

प. आतून आली. गोळ्यांचं पाकीट न मागता दाखवलं, चालू होत्या. म्हणाली, "साक्षगंधाच्या आधी मी त्यायले सांगीन. नंबर हाय माह्याजवळ. सांगूनच करीन मॅडम. तुमाले खाली पाहाले नाही लावणार."

डोळ्यांत डोळे घालून म्हणाली. माणसं वाचण्याचा पगार घेते मी. वाचलं, आणि विश्वास ठेवला.


३० नोव्हेंबर

परवा साक्षगंध. आज दुपारी प.चा फोन. "सांगितलं मॅडम. सगळं. ते म्हनाले, चालते, गोळीच त आहे."

वॉर्डच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. सिस्टर दार वाजवून विचारते, बरं नाही का? म्हटलं, फार बरं आहे.

निखिलला विचारून खात्री करता येत नाही. तिने सांगितलं का, हे विचारणं म्हणजेच सांगणं. पण कशाला हवी खात्री. किती मोठ्या मनाचा निघाला पोरगा.


२ डिसेंबर

विहारात साक्षगंध झालं. त्रिशरण म्हणताना निखिलचा आवाज सगळ्यांत मोठा. जेवणाच्या पंगतीत त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तू शहाणा निघालास रे. मला अभिमान वाटतो."

"काहून आत्या?" हसला.

"असंच," म्हटलं. त्याला कळलं असणार, तिच्यासमोर बोलत नसेल.

प. आज तरी हसेल वाटलं. पाया पडली, वर पाहिलं नाही. लाजत असेल.


९ जानेवारी २०१९

प.ची आई एकटीच येऊन दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेली. मुलगी का नाही आली? "शिवणाच्या क्लासाले जाते जी." माझ्या टेबलाशी थांबली नाही. लग्नाची गडबड.


१० फेब्रुवारी

लग्न. पांढऱ्या साडीत पोरगी सुंदर दिसत होती. निरोपाच्या वेळी आईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "येतो आत्या."

आत्या. मंडईपासून पहिल्यांदा तिने ओळख दाखवली, तीही नवी.

आता घरातली झाली. नाव लिहायला हरकत नाही. प्रणाली. प्रणालीच होती ती पहिल्यापासून.


१० मार्च

जवाहरनगरला दादाच्या क्वार्टरवर गेले. प्रणालीने दार उघडलं. डोळे. ते डोळे मी ओळखते. वहिनी कौतुकाने सांगते, "लई कामाची आहे, पहाटे उठून अंगण झाडते, दोनदा-दोनदा झाडते." झोपत नाही ती, वहिनी.

मागच्या बाजूला तिला एकटीला गाठलं.

"गोळ्या?"

"आईनं बॅगेत टाकू नाही दिल्या. सासरचे पाहतीन म्हने."

"म्हणजे लग्नापासून एकही नाही?"

मान हलवली.

"पण निखिलला तर माहीत आहे. तू सांगितलंस ना त्याला?"

चुलीसाठी आणलेल्या काड्या मोडत बसली. एक, मग दुसरी. मग म्हणाली, "तुमी बोलून द्यान अशी आईले भीती होती. म्हनून सांगितलं म्हटलं. तुमाले बरं वाटलं असतं म्हनून बी."

तीन महिने. तीन महिने मी त्या पोराच्या मोठ्या मनाचं कौतुक करत फिरले. बाथरूममध्ये आनंदाने रडले मी, मूर्ख बाई. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. आणि कापणारी स्वतःच आजारी, म्हणून मला ओरडताही येईना.

म्हटलं, उद्या ओपीडीला ये, आणि रविवारच्या आत निखिलला सांग. तू सांग, मी शेजारी बसते. "नाहीतर—" म्हटलं. नाहीतर काय? माझ्याकडे 'नाहीतर' नाहीच.

निघताना निखिलला एवढंच बोलले, हिला झोप नाही, उद्या माझ्याकडे घेऊन ये. म्हणाला, आणतो.


११ मार्च

आले नाहीत. निखिलचा फोन, "तिच्या आईनं नेलं तिले चार दिवस माहेरी. आराम पडेल म्हणे."

आईला फोन केला. बंद.


२४ मार्च

आज भरती झाली. माहेरून परवा परत आली ती बिघडूनच. आज सकाळी निखिलच्या मित्राची गाडी वॉर्डच्या दाराशी. निखिल तिला दोन्ही हातांनी धरून, मागे वहिनी. प्रणाली कोणाला तरी सांगत होती की मी येत नाही, मी येत नाही.

मी धावत गेले. निखिल म्हणाला, "आत्या, पाहा ना, हिले काय झालं?" त्याच्या डोळ्यांत माझ्यावरचा भरवसा होता. शेवटचा.

कारण तेवढ्यात मेश्राम सिस्टर आतून आली. मायेने. अगदी मायेने प्रणालीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "अगं बाळा, तू आली का पुन्हा? गोळ्या सोडल्या ना तू? मॅडम, आपली खिडकीजवळची पोरगी आली पाहा."

सिस्टरचा काय दोष. तिला कुठे माहीत होतं सोबत कोण आहे.

निखिल सिस्टरकडे पाहत राहिला. वहिनी माझ्याकडे. "पुन्हा म्हंजे?" वहिनी म्हणाली. मग हळूच, "तुले मालूम होतं."

पेशंटबद्दल बोलायचं नसतं. तेव्हाही तोच नियम आठवला, काय सवय लागली आहे जिभेला.


२५ मार्च

प्रणालीच्या आईला बोलावून घेतलं होतं. व्हरांड्यात वहिनी, दादा, निखिल, ती आणि मी. दादाने सरळ विचारलं, पोरगी आजारी होती तर आमाले काहून नाही सांगितलं?

आणि त्या बाईने, जिच्या डब्यातलं मी खाल्लं, माझ्याकडे बोट केलं. "तुमच्या बहिनीले विचारा. मॅडमनंच म्हटलं होतं, सांगू नोका, मी पाहून घेतो. त्यायच्याच भरवशावर आमी पोरगी देल्ली."

मी म्हटलं, खोटं आहे हे. म्हटलं, प्रणालीला विचारा.

चूक झाली. तिला विचारायला नको होतं, औषधाच्या गुंगीत होती. पण मलाही कोणीतरी वाचवायला हवं होतं. निखिल आत जाऊन पलंगाशी वाकला. "आत्यानं तुले काय सांगितलं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मंडईत पाहिलं होतं तसंच. आणि म्हणाली, "मॅडम म्हनल्या होत्या, ओळख दाखवाची नाही."

खरं आहे. म्हटलं होतं. बाजारातल्या ओळखीबद्दल, 'आधी तू दाखवायची' असं, ऑक्टोबरमध्ये, सगळ्या बायका हसल्या होत्या. आता कोणाला सांगू तो सगळा प्रसंग? जितकं समजावलं तितकं ते सारवासारव वाटलं. आई पदराने डोळे पुसत उभी. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

निखिल म्हणाला, "साक्षगंधाच्या दिवशी तू म्हटलं होतं, शहाणा निघाला. आत्ता समजलं कायले." आणि गेला. त्याला वाटतं मी हसले त्याच्यावर. बायको गळ्यात मारली आणि वर शाबासकी दिली.


२६ मार्च

दादाचा फोन. "काही दिवस घरी नको येऊ." बस इतकंच. दादा मोठ्याने कधी बोलत नाही. मोठ्याने बोलला असता तर बरं झालं असतं.

सरांनी सांगितलं, नातेवाईक पेशंट आहे, तिची केस तुमच्याकडे नको, मी आणि सिस्टर पाहू. बरोबर आहे. चष्मा पुसला नाही. मी तिची सुटका मागितली होती हे बोलले नाहीत, यासाठी आभार मानावेत की काय कळेना.


२९ मार्च

बसवाल्या बाबांनी विचारलं, लाखांदूर गेली का? मी म्हटलं, "गेली. रोज जाते. तुम्ही कधीच बसणार नाही तिच्यात." बाबांनी ताट सारलं, जेवले नाहीत. त्यांची बायको माझ्याकडे पाहत राहिली.

नंतर जाऊन सांगितलं, बाबा, पुढची आहे साडेतीनला. हसले. ते विसरले. मी नाही.


१ एप्रिल

राग कोणाचा, ते आज एकदा नीट लिहून टाकते. आईचा आहे. ती पोरीसाठी खोटं बोलली, हे कळतं, तरी आहे. वहिनीचा आहे. पंचवीस वर्षांवर मी तिच्या डोळ्यांसमोर आहे, आणि एका व्हरांड्यात तिने माझी पारख केली. निखिलचा तर सर्वांत जास्त आहे, त्याने एकदा तरी विचारायचं होतं, आत्या, असं का केलंस? प्रणालीचा आहे का, ते रोज वेगळं वाटतं. तिने काय केलं, आजारी माणूस. पण ज्या दिवशी फोनवर 'सांगितलं' म्हणाली, त्या दिवशी ती आजारी नव्हती.

पुन्हा तशीच वेळ आली तर मी निखिलला सांगेन का? नाही सांगणार. हे लिहिताना हात थांबला नाही, याचंच वाईट वाटतं.


४ एप्रिल

प्रणाली सुधारते आहे. सकाळी वेणी घातली. मी दुरून पाहिलं.

अडचण वेगळी आहे. आई दोन दिवस राहून निघून गेली. म्हणे आता ते त्यायच्या घरची, त्यायनं राहावं. वहिनी येणार नाही. घरचं माणूस जवळ नसेल तर तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल, आणि तिथे एकदा पाठवलेल्या बाईला घ्यायला कोण येतं, ते मला माहीत आहे. सिस्टर म्हणाली, सर सोमवारपर्यंत थांबतात म्हणे.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तसं म्हटलं तर तुम्हीही घरच्याच की."

आत्येसासू. आहे खरी. चटई घेऊन तिच्या पलंगाखाली झोपावं? जिने मला विकलं तिच्या?


६ एप्रिल

कपाटातून चटई काढून दाराशी ठेवली. मग परत आत ठेवली.


८ एप्रिल, सोमवार

चटई काखेत घेऊनच वॉर्डात गेले. सिस्टरने पाहिलं.

टेबलाशी पोचते तर दारात निखिल. हातात डबा, खांद्याला फॅक्टरीची बॅग. दाढी वाढलेली. पोरगा पंधरा दिवसांत वाळला. मी चटई टेबलामागे ठेवली. त्याच्याकडे पाहिलं नाही. आधी ओळख त्याने दाखवायची. वॉर्डाच्या भिंतीवर आग विझवायच्या लाल बादल्या टांगल्या आहेत, त्यांच्याकडे पाहत राहिले. चार आहेत. चौथीला बूड नाही.

तो टेबलाशी आला. उभा राहिला. मी थांबले.

"मॅडम," तो म्हणाला, "प्रणालीचा पलंग कोणता?"

मॅडम.

"खिडकीजवळचा," मी म्हटलं. "जवळ कोणी राहणार आहे का?"

"हो."

"नातं?"

माझं कामच आहे ते विचारणं. प्रत्येकाला विचारते.

"नवरा," तो म्हणाला, आणि आत गेला.

प्रणाली उठून बसली. तो पलंगाच्या कडेला टेकला, डबा उघडला. दोघं काही बोलत नव्हते, की बोलत असतील, इथून ऐकू येत नव्हतं. घरी नेणार का तिला, की फक्त सोमवार निभवायला आला, कोण जाणे. त्याने चटई आणली नव्हती. सिस्टरकडे माझी दिली, म्हटलं, वॉर्डाची आहे म्हणून सांग.

चारला चहाची किटली येते. वॉर्डाचा चहा म्हणजे साखरेचा पाक. चहावाली मावशी कप भरत भरत खिडकीकडे निघाली होती. तिला थांबवून सांगितलं, त्या पेशंटच्या नवऱ्याला बिनसाखरेचा कर.

"तुमाले कसं मालूम?" मावशीने विचारलं.

मी बादल्यांकडे पाहिलं. मावशी कप घेऊन गेली. त्याने घोट घेतला, आणि कप तोंडाशी तसाच धरून थोडा वेळ थांबला. मग मान वर न करता उरलेला प्यायला.